माहूरला चाललात? मग एक दिवस जास्तीचा काढा!

तुमच्यापैकी किती जणी माहूरला जाऊन आल्या आहेत? नांदेड, हिंगोली, यवतमाळकडच्या तर सगळ्याच हात वर करतील. लग्न झालं की जोडीनं जायचं, मूल झालं की त्याला कडेवर घेऊन जायचं, आणि मध्येच कधी नवस बोललेला असला तर तो फेडायला जायचं. साडेतीन पीठांतलं हे एक पीठ आमच्या वाट्याला आलेलं, त्यामुळं माहूरला जाते म्हटलं की घरात कुणी 'कशाला' म्हणून विचारत नाही.

आता दुसरा प्रश्न विचारते. माहूरच्या डोंगरावरच्या पाच झाडांची नावं सांगाल? साग सोडून हं!

लाजू नका, मलाही आली नसती. आमचं माहूर ठरलेलं. पहाटे अर्धापुरातून निघायचं, वारंगा फाटा, उमरखेड, महागाव करत धनोड्याला पैनगंगा ओलांडायची, गडाच्या पायऱ्या चढायच्या, ओटी भरायची, कुटलेल्या विड्याचा प्रसाद तोंडात टाकायचा, दत्तशिखर आणि अनसूयामाता करायची आणि दिवेलागणीला घरी. वाटेतलं जंगल म्हणजे गाडीच्या काचेतून मागं पळणारं काहीतरी. पावसाळ्यात हिरवं, उन्हाळ्यात करडं. मी गावातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, 'पानझडी वने' हा धडा दरवर्षी घेते, आणि दीडशे किलोमीटरच्या आतलं पानझडी वन मी काचेतून बघत होते!

हे माझ्या ध्यानात आणून दिलं आमच्या आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर किनवटकडचं, अगदी जंगलाच्या कडेचं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या अर्धापूरच्या केळीच्या बागांत आल्या, त्याला आता छप्पन्न वर्षं झाली. माहेरचं घर पडलं, भाऊ गेले, आणि चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गुडघ्यांमुळं पायऱ्या बंद केल्या, तेव्हापासून माहूरही बंद. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही सगळे गेलो तेव्हा त्या घरीच थांबल्या. परत आल्यावर मी मोठ्या हौसेनं मोबाईलमधले दोनशेवर फोटो त्यांना दाखवायला बसले. आमचे हे आणि मी, मी आणि जाऊबाई, मुलं, धबधबा आणि मुलं, मावळतीचा सूर्य, पुन्हा मुलं. आत्याबाईंनी दहा-पंधरा फोटो बघितले आणि चष्मा काढून ठेवला.

"काय दाखवूलालीस मला? ही तोंडं तर मी रोजच बघते. डोंगर कुठंय?"

खरंच, डोंगर कुठंच नव्हता. एका फोटोत जाऊबाईंच्या खांद्यामागं कसलंतरी पांढऱ्या खोडाचं झाड होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मोठं करून बघितलं तर नुसतं धुकं झालं. "कांडोळ असंल," म्हणाल्या, आणि मग त्या झाडावर अर्धा तास बोलल्या. त्याची साल कागदासारखी सुटते, चांदण्या रात्री ते झाड भुतासारखं उभं दिसतं, लहानपणी त्या त्याच्या खालून जायला भीत असत, त्याचा डिंक निघतो. छप्पन्न वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं... म्हणजे माझ्या लग्नाला पंधराच झाली, पण ह्यांनीही ऐकलं नव्हतं!

त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या वेळी माहूरला एक दिवस जास्तीचा काढायचा, पायी हिंडायचं आणि आत्याबाईंसाठी डोंगर आणायचा.

ठरवणं सोपं. "मुक्काम? दर्शन तर दोन तासांत होतं," हे म्हणाले. पोथी, पारायण, नवस, काही निमित्त असतं तर कुणी अवाक्षर काढलं नसतं. नुसतं चालायला आणि झाडांचे फोटो काढायला बाईनं दोन दिवस घराबाहेर राहायचं, हे कुणाच्या गळी उतरेना. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. दोन दिवस मी थापते भाकरी." पुढं कुणी बोललं नाही.

आणि खरं सांगू, बायकांनी इथल्या डोंगरात चालणं हे काही नवं नाही. श्रावणात नारळी पौर्णिमेला माहूरगडाची परिक्रमा असते, तेव्हा हजारोंनी लोक जंगलातून चालतात, त्यात बायका मागं नसतात. आणि याच माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन! सावित्रीबाई तिचं नाव, मोगलांच्या बाजूनं लढायची. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजीमहाराजांच्या माणसांनी कोंडली, तेव्हा त्या फौजेत ही होती आणि शरण जायचा शहाणा सल्ला तिनंच खानाला दिला असं सांगतात. माहूरपासून कोकणच्या तोंडापर्यंत घाट तुडवत गेलेली बाई! आपल्याला तर फक्त दत्तशिखराच्या मागच्या पायवाटेनं जायचं होतं.

फाल्गुनात निघालो. मी, माझी नणंद आणि आठवीतली लेक. महिना मुद्दाम निवडला. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो यात शंका नाही, पण वाटा निसरड्या, गवत कमरेएवढं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. थंडी सरता सरता गवत वाळून बसलेलं असतं, झाडांची पानं झडलेली असतात, त्यामुळं खोड, साल, फांद्यांची ठेवण सगळं उघडं दिसतं, आणि त्याच वेळी पळस फुलतो. चैत्र-वैशाखात मात्र दहाच्या पुढं चालणं नको. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे.

सामानाचं सांगते, कारण पहिल्यांदा तिथंच चुकतं. पाणी माणशी तीन लीटर, कमी नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. केळी तर आमच्या घरचीच, पण पिकलेली नेलीत तर पिशवीत शिकरण होईल. जरा कचवट असतानाच घ्या, दुसऱ्या दिवशी बरोबर खायला येतात. अंगात पूर्ण बाह्यांचं सुती काहीतरी, डोक्याला रुमाल. आणि पायात बूट! मी साडीवर कॅनव्हासचे बूट घातले तर आमच्या गल्लीत "बाई शाळेच्या कवायतीला चालल्या का?" असं झालं. झालं तर झालं. चपलेवर जे होतं ते मी श्रावणात भोगलं होतं, ते पुढं सांगते. आणखी एक, २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे, तेव्हा खर्चाची सबब सांगू नका.

एकट्यादुकट्यानं जंगलात शिरायचं नाही. या भागात बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि मोहाच्या दिवसांत अस्वल पहाटे मोहाखाली येतं. पैनगंगेच्या काठानं अभयारण्यही आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आम्ही गडाखालच्या एका चहावाल्याकडं चौकशी केली, त्यानं जवळच्या तांड्यावरच्या एका मावशींना बोलावून आणलं. सरपणाला आणि मोहाला जन्मभर याच वाटांनी गेलेल्या. उजाडल्यावर निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, ही त्यांची अट.

पहिल्या चढालाच माझा दम गेला. पस्तिशी ओलांडलेली, दिवसभर ओट्याशी आणि फळ्याशी उभं राहणारी बाई. पाय दुखतात म्हणून वाटायचं की आपल्याला भरपूर चालणं होतं. होत नाही! मावशी अनवाणी पुढं आणि आम्ही बूट घालून मागं. तुम्ही जाणार असाल तर महिनाभर आधी रोज सकाळी अर्धा-पाऊण तास भराभरा चालायची सवय करा, आणि बूट त्यातच घालून मऊ करून घ्या.

पण वर पोचलो आणि पळस दिसला. एक पान नाही, नुसता भगवा. आपण पळस ओळखतो तो पत्रावळीमुळं, नाहीतर रंगपंचमीच्या रंगामुळं. फुलाला जवळून कुणी बघत नाही. पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी, खाली काळपट मखमली टोपी. शिंजीर नावाचा इवलासा पक्षी एका फुलातून दुसऱ्यात चोच घालत होता आणि मैना त्याला हुसकत होत्या. लेकीनं तिथंच बैठक मारली. धावडा दिसला, ज्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. आयुष्यभर डिंक तळला, झाड पहिल्यांदा बघितलं. बिबा, तेंदू, चारोळीचं चार, सालई, मोह. मावशी नावं सांगत होत्या, मी वहीत लिहीत होते. आणि उतारावर एकटंच उभं असलेलं, पांढरंफटक, खरोखरीच भुतासारखं कांडोळ! त्याची लाल, चांदणीच्या आकाराची फळं हातात घेऊ नका बरं का, त्यावर बारीक कुसं असतात आणि ती बोटांत शिरतात. नणंदबाईंना विचारा.

आता फोटोंचं. मला महागडा कॅमेरा येत नाही, साधा मोबाईल आहे. पण आत्याबाईंच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी केल्यावर चार गोष्टी कळल्या.

झाडाचा एक फोटो काढून भागत नाही. पहिल्यांदा मी नुसती फुलं टिपून आणली होती, जवळून, सुंदर. आत्याबाई म्हणाल्या, "पान दाखव की पान. निस्त्या फुलावून कसं वळखू?" तेव्हापासून प्रत्येक झाडाचे पाच-सहा फोटो काढते: लांबून आख्खं झाड, खोडाची साल, पान वरून आणि उलटून, मग फूल, फळ किंवा शेंग जे असेल ते. शेजारी एक रुपयाचं नाणं नाहीतर बांगडी धरायची, म्हणजे पान केवढं ते कळतं. आणि लगेच वहीत लिहायचं, घरी गेल्यावर सगळी पानं सारखी दिसतात.

पडद्यावर बोटं फाकवून मोठं करू नका, तिथंच चित्र बिघडतं. दोन पावलं पुढं जा. कोपर पोटाशी घट्ट धरा, वारा थांबेपर्यंत थांबा. भिंगावर बोटांचं तेल लागलेलं असतं, पदराच्या मऊ टोकानं ते आधी पुसा. माझे श्रावणातले निम्मे फोटो धुरकट आले ते धुक्यानं नव्हे, भज्यांच्या तेलानं! आणि वेळ सांभाळा. सकाळी साडेआठ-नवाच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर. दुपारचं ऊन डोंगर सपाट करून टाकतं.

हे शेवटचं मला दगडांनी शिकवलं. आपले डोंगर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे थर. वर्गात मी ते फळ्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे काढते. संध्याकाळी गडाच्या तटाजवळून समोरच्या डोंगराकडं बघत होतो, ऊन तिरपं झालं, आणि प्रत्येक थराची कड सावलीनं उठून आली. पायऱ्या! माझ्या फळ्यावरचं चित्र समोर उभं. दुपारी त्याच जागेवरून काही दिसलं नव्हतं. आणि या काळ्या कातळाची चादर किनवट-आदिलाबादच्या बाजूला संपत येते, म्हणजे आम्ही तिच्या पूर्वेकडच्या पदरावर उभे होतो.

तीच गत घळींची. भूगोलाच्या पुस्तकात 'उत्खातभूमी' असा एक भारी शब्द असतो. पावसाच्या पाण्यानं मऊ माती चिरत चिरत नेऊन केलेली, घळींची आणि उंचवट्यांची ओसाड जमीन. उदाहरण चंबळचं द्यायचं, फारतर आपल्याकडच्या तापी-पूर्णेच्या काठचं. एका पोरानं मला वर्गात विचारलं होतं, "बाई, तुम्ही बघितली का?" मी म्हटलं, पुढचा धडा काढा. दुसऱ्या दिवशी परतताना पैनगंगेच्या काठाशी गाडी थांबवली, तर गाळाच्या उंच दरडीत तशाच घळी, माणूसभर खोल, फांद्या फुटल्यासारख्या. चंबळच्या मानानं अगदीच बाहुलीच्या खेळातल्या. पण काम तेच. जिथं गवताची मुळं होती तिथं काठ शाबूत, जिथं गवत गेलेलं तिथं पाण्यानं बोटं घातलेली. तिरप्या उन्हात दहा फोटो काढले. ते वर्गात दाखवले तेव्हा पोरं म्हणाली, असं तर आमच्या ओढ्यालापण आहे! मग ओढ्याचे फोटो काढून आणा म्हटलं. आणले की हो, पुढच्या सोमवारी सात जणांनी.

येताना किनवट, इस्लापूरवरून आलो, ते सहस्रकुंडासाठी. ज्यांना वेळ असेल त्यांनी किनवट तालुक्यातले उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरेही बघावेत, आम्हाला जमलं नाही. सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या कातळावरून खाली कोसळते. अलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा, पलीकडचा यवतमाळचा. श्रावणात इथं पाण्याचा आवाज एवढा असतो की शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही. आणि तिथंच मी ती चूक केली होती.

सगळे चौकटीत बसावेत म्हणून मी मोबाईल डोळ्यांसमोर धरून मागं मागं सरकत होते. पायात सपाट तळव्याची चपल, खाली शेवाळलेला कातळ. एक गुराखी आजोबा हात हलवत ओरडत होते, मला वाटलं फोटोत यायचंय त्यांना. पाय घसरला आणि मी बसकण मारली, कोपर सोललं, चपल पाण्यात गेली. ती दोन गिरक्या घेऊन कुठं गेली ते कळलंसुद्धा नाही. माझ्या मागं चार हातांवर कड होती. घरी मी "चपल हरवली" एवढंच सांगितलं. हे वाचून आता ह्यांना कळेल.

म्हणून हात जोडून सांगते. मोबाईल डोळ्यांशी असताना पाऊल टाकायचं नाही. आधी जागा बघा, पाय रोवा, मग फोटो. फोटो झाला की मोबाईल खाली, मग पाऊल. मुलांचा हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात हवा, 'इथंच उभा राहा' हे सांगणं म्हणजे धरणं नव्हे. नदीत वर इसापूरचं धरण आहे, पावसाळ्यात तिथून पाणी सोडलं की इथलं पाणी वाढतं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. तेव्हा पात्रातल्या खडकांवर उतरायचं नाही म्हणजे नाही.

फाल्गुनात तेच सहस्रकुंड ओळखू येत नव्हतं. पाण्याच्या दोन-चार धारा, आणि बाकी सगळा उघडा कातळ. पाण्याबरोबर गोल फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे, काही वाटीएवढे, काहींत हंडा बसेल. धबधबा बघायला गर्दी होते, पण त्यानं एवढी वर्षं काय काम केलं ते कोरड्या दिवसांतच दिसतं. मी काठावर बसून, बुटांसकट, फोटो काढले.

हिमायतनगर, भोकरवरून रात्री घरी पोचलो. आत्याबाई जाग्याच होत्या. जेवणही होऊ दिलं नाही, चष्मा लावून बसल्या. एकेक झाड आलं तसं नाव सांगत गेल्या, आणि नावामागोमाग गोष्ट. कुठल्या पाल्यानं जखम बांधायची, चार खायला कुणाबरोबर जायच्या, मोह वेचताना वडील कुठून हाका मारायचे. लेक वहीत मावशींनी सांगितलेली नावं ताडून बघत होती. काही नावं वेगळी निघाली, तर आत्याबाई म्हणाल्या, "तांड्यावर तसं म्हणत्यात, आमच्यात असं." दोन्ही लिहिली.

मग एक फोटो आला. वाकड्या, लांब, शिंगासारख्या शेंगा लोंबणारं झाड. आत्याबाई बघत राहिल्या. "ह्याचं... थांब... ह्याचं नाव..." येईना. दोनदा चष्मा पुसला. माझ्या वहीत नाव होतं, मी सांगू का म्हटलं, तर हातानं गप्प केलं. मग मोबाईल माझ्याकडं दिला, म्हणाल्या झोप आली, आणि उठून गेल्या. रात्री त्यांच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता. मला चुटपुट लागली, कशाला तो फोटो दाखवला असं झालं. अलीकडं चुलीवर ठेवलेलं विसरणं, शेजारणीचं नाव चुकणं हे होत होतंच, पण आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

पहाटे मी दूध तापवत होते. आतून मोठ्यांदा आवाज आला, "मेढशिंगी! अगं, मेढशिंगी!" मी धावत गेले. दूध उतू गेलं. अंथरुणात उठून बसल्या होत्या, म्हणाल्या, "मेंढ्याच्या शिंगासारखी शेंग म्हणून मेढशिंगी. लिही."

आता आमच्या त्या वहीत त्रेचाळीस झाडं आहेत. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या पाच पानं उलटतात, नाव झाकून स्वतःलाच विचारतात. नातीला सोबत घेतात, म्हणजे नातीची परीक्षा आहे असं आम्हाला वाटावं!

चव्वेचाळिसावं झाड अजून राहिलं आहे. दत्तशिखराच्या मागच्या उतारावरचं, पानं झडलेलं, साल खवल्यांची. मावशींनाही सांगता आलं नाही. आत्याबाई म्हणतात, "खोडावून सांगणार न्हाई, चुकंल. पान आणि फळ आण, मग सांगते." फळ धरायचं म्हणजे वैशाख, म्हणजे पुन्हा मुक्काम, आणि तोही उन्हातला. बूट धुऊन वाळत घातले आहेत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.